बटाट्याची कूज : गोणीतला पैसा कुठे जिरतो?

भाजीपाल्याच्या व्यापारात आपले बागवान बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बटाट्याचा भाव केव्हा चढेल, हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण गोणीमागे दोन-तीन किलो माल सडला की ‘नशिबाचा भाग’ म्हणून तो सोडून दिला जातो. समजा, 50 किलोची गोणी 1,000 रुपयांना पडली. त्यातले 3 किलो फेकावे लागले, तर उरलेला माल 20 ऐवजी सुमारे 21 रुपये 28 पैसे किलोने पडतो. जेथे किलोमागे रुपया-दोन रुपये सुटायचे, तेथे सव्वा रुपया असाच जातो. तो खाणारा कोण, हे ओळखले पाहिजे.

त्याचे नाव फ्युजेरियम. ही बुरशी शेताच्या मातीत असतेच, आणि बटाट्याला चिकटलेल्या मातीबरोबर वखारीत येते. मात्र धडधाकट सालीतून तिला आत शिरता येत नाही. तिला जखम लागते. कुदळीचा घाव, गोणी आपटल्याने गेलेली चीर, पोखरणाऱ्या अळीचे भोक, एवढे तिला पुरते. काही आठवड्यांनी त्या जागी साल खोल बसते व तिच्यावर गोल गोल सुरकुत्या पडतात. कापून पाहिले तर आत तपकिरी, कोरडा गर, मध्ये पोकळी आणि पोकळीत पांढरी किंवा गुलाबीसर बुरशी दिसते. हीच कोरडी कूज. तिला पाणी सुटत नाही, म्हणून निवडताना ती नजरेतून सुटते. पुढे त्याच वाटेने जिवाणू शिरतात आणि ओली कूज सुरू होते. मग पाणी गळते, घाण सुटते, शेजारचा मालही भिजून नासतो. गोणी ओली दिसल्यावर आपण जागे होतो, पण घाव कधीचाच लागलेला असतो.

करप्याची गोष्ट वेगळी. पाल्यावरचा करपा पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरून कंदाला लागतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला व सुमारे दहा लाख माणसे मेली, तो याच रोगाने.

आता उपायाकडे वळू. काढलेला बटाटा जिवंत असतो व स्वतःची जखम स्वतः भरून काढतो. कापलेल्या जागी बुचासारखा थर धरतो आणि बुरशीची वाट बंद होते. त्यासाठी 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमान, दमट पण खेळती हवा आणि दहा-पंधरा दिवस लागतात. घाई करून ताजा माल थेट 3-4 अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये घातला तर जखम भरतच नाही. बुरशी थंडीत मंदावते, पण मरत नाही. माल बाहेर आला की पुन्हा जोर धरते. भाडे भरूनही माल का सडला, असा वाद मग सुरू होतो. पुष्कळदा दोष थंडीचा नसून त्या आधीच्या घाईचा असतो.

म्हणून आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात माल घेणाऱ्याने शेतकऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. पाला काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी कापला होता काय? तसे केल्याने साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल सुटली तर माल कच्चा समजावा. दुसरे, ढीग सावलीत, पेंढ्याखाली काही दिवस ठेवला होता काय? झाकायला त्याच पिकाचा करपलेला पाला वापरला असेल, तर रोगच पांघरूण म्हणून घातला असे होते.

आग्र्याकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्ड स्टोरेजमध्ये जातो व पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत निघत राहतो. थंड माल एकदम उष्ण, दमट हवेत आला की त्याला घाम सुटतो. हे पाणी सुकण्याआधी गोणी शिवू नये. सावलीत पसरावा, वारा लागू द्यावा, मग निवड करावी. हमालाने गोणी उंचावरून टाकली की पाच मिनिटे वाचतात आणि दहा-वीस बटाटे फुटतात. हा सौदा कोणाच्या फायद्याचा?

निवडलेला दागी माल काही जण गोणीच्या तळाशी घालतात. ‘सहीह मुस्लिम’मधील हदीस सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पाऊस लागल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले. दागी बटाटा वेगळा, उघड्यावर, कमी भावाने विकता येतो. शिवाय तळाशी घातलेले चार बटाटे गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत वरच्यांनाही नासवतात.

रताळ्याला हेच नियम जसेच्या तसे लावू नयेत. त्याची जखम 29 ते 32 अंशांच्या उबेत, दमट हवेत चार ते सात दिवसांत भरते. साठवण मात्र 13 अंशांच्या खाली नको. अधिक थंडीत ते आतून बिघडते व बुरशीला सोपे जाते. आणि बुरशी आलेली रताळी गोठ्यात टाकू नयेत. अशा रताळ्यात जनावरांच्या फुप्फुसांना घातक विष तयार होते व गाय-म्हैस धाप लागून मरू शकते. ती खड्ड्यात पुरावीत.