रक्ततपासणी, दुखरा हात आणि सुईची भीती



सातपुड्यातील पाड्यांवर सिकलसेलची तपासणी शिबिरे होतात, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण मदतीला येतात. कोणी नावे लिहून घेते, कोणी लहान मुलांना सांभाळते, कोणी रांगेकडे पाहते. हा पाठ त्यांच्यासाठी आहे. रक्त काढणे हे सिस्टरांचे काम. पण रक्त देणाऱ्याला धीर देणे आणि नंतर त्याच्या हाताची विचारपूस करणे हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात आदिवासी भागांतील तपासणीवरच भर आहे. शिबिरात आधी बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. शंका आली, तर पक्क्या तपासणीसाठी हाताच्या शिरेतून रक्त काढावे लागते. माणसे मागे फिरतात ती या दुसऱ्या पायरीवर.

एका पाड्यावर मी हे पाहिले. दुसऱ्या तपासणीला कोणीच आले नाही. आशाताईंनी कारण शोधून काढले. तिथल्या एका मावशींनी पूर्वी दुसरीकडे रक्त दिले होते आणि कोपराजवळ त्यांचा हात आठवडाभर काळानिळा राहिला होता. "रक्त काढलं की हात सडतो," असे पाड्यावर पसरले होते. न आलेल्यांत एक गरोदर मुलगी होती. तिच्या पहिल्या चाचणीत शंका आली होती.

आम्ही मावशींच्या अंगणात जाऊन बसलो. "मावशी, सुई काढल्यावर कापूस कोणी दाबून धरला होता का?" मी विचारले. "कापूस दिला, हात दुमडायला सांगितलं. मी लगेच पाण्याला गेले, हंडा घेऊन," त्या म्हणाल्या. कारण तिथेच कळले. सुई निघाली तरी शिरेला बारीक छिद्र राहते. ते मिटायच्या आत हातावर भार आला, तर थोडे रक्त कातडीखाली उतरते आणि डाग दिसतो. तो आधी निळा, मग हिरवट, पिवळा होत एक-दोन आठवड्यांत जातो. हे ऐकून मावशी स्वतः त्या मुलीला घेऊन आल्या. ती वाहक निघाली. नवऱ्याची तपासणी झाली, तो वाहक नव्हता. बाळाला आजार होण्याची चिंता मिटली.

आता आपण काय करायचे ते पाहू.

रक्त देण्याआधी. सिकलसेलच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. खाऊन, पाणी पिऊन यायला सांगा. किती रक्त घेणार ते सांगा: साधारण एक लहान चमचाभर. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. "काही दुखणार नाही" असे मात्र मुलांनासुद्धा सांगू नका. "क्षणभर टोचेल, मग सुई बाहेर येईल, आत काही राहणार नाही," एवढे खरे सांगा. पूर्वी कोणाला घेरी आली असेल, तर सिस्टरांना आधीच कळवा आणि त्यांना आडवे झोपवून रक्त घ्यायला सांगा.

सुई टोचताना. सुई पाहून काहींची नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि भोवळ येते. हा भित्रेपणा नव्हे; शरीरच तसे वागते. त्यावर एक साधा उपाय आहे. पाय, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ १० ते १५ सेकंद घट्ट आवळायची, चेहऱ्याला ऊब जाणवली की सैल सोडायची. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असे चार-पाच वेळा केले की रक्तदाब टिकून राहतो. ज्या हातातून रक्त काढायचे, तो मात्र सैल ठेवावा. तरीही भोवळ आली, तर आडवे करून पाय उंच करा. सुई टोचताना बोटांपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली, तर लगेच बोलायचे, हे प्रत्येकाला सांगून ठेवा; सिस्टर सुई काढून घेतील.

रक्त दिल्यानंतर. कापूस पाच मिनिटे घट्ट दाबून धरायचा, हात सरळ ठेवून. कोपर दुमडायचे नाही, चोळायचे नाही. त्या दिवशी त्या हाताने हंडा, मोळी किंवा मूल उचलायचे नाही. दुखले तर पहिल्या दिवशी गार पाण्याचे फडके ठेवावे, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक द्यावा.

थोडा ठणका आणि डाग आपोआप जातात. पण सूज वाढत गेली, जागा लाल व गरम झाली, ताप आला किंवा बोटांत मुंग्या व बधिरपणा राहिला, तर त्या माणसाला आरोग्य केंद्रात न्या.

पुढच्या शिबिराआधी मूठ आवळण्याचा सराव आपण घरीच एकमेकांबरोबर करून पाहू या, म्हणजे दुसऱ्याला शिकवता येईल. आणि शिबिर झाल्यावर तिसऱ्या दिवशी पाड्यावर एक फेरी मारून प्रत्येकाचा हात पाहू या. एका निळ्या डागाने अख्खा पाडा मागे फिरला होता. वेळेवर केलेली विचारपूस त्याला पुन्हा रांगेत आणू शकते.