मालवाहू गाडी घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण जे वडूज, ते येरळा नदीच्या काठी वसलेले असून हा सर्व मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. पुणे-मिरज लोहमार्ग तालुक्याच्या पश्चिमेकडून लोणंद, कोरेगाव, रहिमतपूर असा जातो. वडूजपर्यंत तो येत नाही. यास्तव येथील कांदा, बटाटा, आले व डाळिंब यांस बाजाराची वाट सडकेनेच धरावी लागते. लोणंदचा कांदाबाजार असो, साताऱ्याची किंवा कराडची पेठ असो, अथवा पुण्याचे मार्केट यार्ड असो, मालाबरोबर वाहतुकीचा खर्च निघालाच. शेतमालाच्या पट्टीतून हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा झाल्यावर हाती काय उरते, हे पाहून अनेक शेतकऱ्यांच्या मनात येते की, गाडी आपलीच असावी. हा विचार चुकीचा नाही. मात्र तो कागदावर मांडून पाहिल्याखेरीज कर्जाच्या अर्जावर सही करू नये.

पूर्वी हे काम खिल्लारी बैलांची गाडी करीत असे. १९५८ साली बजाज टेम्पो या कारखान्याने जर्मन सहकार्याने तीन चाकी मालगाडी बनविण्यास आरंभ केला आणि कारखान्याच्या नावातील ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत सर्वच लहान मालगाड्यांस लागू झाला. १९६९ साली त्याच कारखान्याची मॅटॅडोर आली. २००५ साली टाटांनी काढलेल्या एस गाडीस लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले, व हे नाव कंपनीच्या नावाहून अधिक रुजले. आज खेड्यात सामान्यतः दोन प्रकार दिसतात: सुमारे पाऊण टन माल नेणारा छोटा हत्ती व सव्वा ते पावणेदोन टन नेणारी पिकअप. तिसरा प्रकार चहूबाजूंनी बंद असलेल्या मोठ्या गाडीचा असून तिचा विचार पुढे केला आहे.

हिशेब

उदाहरणादाखल दीड टन क्षमतेची पिकअप घेऊ. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर त्या जागी घालावेत. समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९ लाख रुपये लागले, पैकी दीड लाख पदरचे व साडेसात लाख कर्जाचे. दरसाल दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेड करावयाची झाल्यास हप्ता दरमहा सुमारे १६,००० रुपये बसतो. विमा, कर व तपासणी यांस महिना ३,००० धरावे. चालकाचा पगार १२,००० धरावा. अशा रीतीने गाडी दारात उभी असली तरी महिन्यास ३१,००० रुपये खर्च होतातच. चालविण्याचा खर्च निराळा. लिटरला १२ किलोमीटर व डिझेल ९० रुपये धरल्यास इंधनास किलोमीटरमागे साडेसात रुपये, आणि टायर, तेल, कमानपाटे व दुरुस्ती यांस अडीच रुपये, मिळून दहा रुपये होतात.

आता गाडी महिन्यात २,००० किलोमीटर धावली तर किलोमीटरमागे पडता साडेपंचवीस रुपये येतो. तीच गाडी ५०० किलोमीटर धावली तर तो ७२ रुपयांवर जातो. जाऊन-येऊन १५० किलोमीटरच्या खेपेत ५० किलोच्या ३० पिशव्या कांदा नेला असता पहिल्या स्थितीत पिशवीस सुमारे १२८ रुपये, तर दुसऱ्या स्थितीत ३६० रुपये खर्च येतो. म्हणजे कांद्याच्या दर किलोमागे एकीकडे अडीच व दुसरीकडे सात रुपयांहून अधिक! कांदा तोच, रस्ता तोच, गाडीही तीच. फरक फक्त ती किती दिवस उभी राहिली, एवढाच आहे.

भाड्याच्या गाडीशी तुलना करावयाची झाल्यास, त्याच खेपेस ५,००० रुपये भाडे पडते असे धरू. स्वतःच्या गाडीस त्या खेपेस १,५०० रुपये चालविण्याचा खर्च येतो, म्हणजे खेपेमागे ३,५०० रुपये वाचतात. महिन्याचे ३१,००० भरून काढण्यास अशा नऊ खेपा हव्यात. घरचाच मुलगा गाडी चालवीत असेल तर सहा खेपा पुरतील असे दिसते. परंतु त्या मुलाने शेतावर केले असते ते काम कोण करणार, हेही विचारावयास हवे. घरच्या माणसाची मजुरी शून्य धरण्याची खोड आपल्या शेतीच्या हिशेबात फार जुनी आहे.

नऊ खेपांचा हा नियम बाराही महिने लागू आहे. कांदा निघतो तेव्हा दोन महिने गाडीस उसंत नसते. पण येरळा कोरडी पडली, विहिरींनी तळ गाठला, तर त्या वर्षी माल कोठून आणावयाचा? पाऊस पडला नाही म्हणून हप्ता थांबत नाही. यास्तव तीन-चार एकरांच्या बागायतदाराने केवळ आपल्या मालासाठी गाडी घेणे बहुधा परवडत नाही. इतरांचे भाडे, दुकानांचा किराणा, पशुखाद्य, खताच्या पिशव्या असे परतीचे व बिगर-हंगामी काम आधी ठरवून ठेवणाऱ्यासच ती परवडते. पाच-सहा शेतकऱ्यांनी गट करून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गाडी घेतल्यास ती उभी राहण्याचे दिवस घटतात; मात्र कोणाचा माल आधी जाईल याचा क्रम हंगामापूर्वीच लिहून ठेवावा, नाहीतर गाडीपेक्षा भांडणच जास्त धावते.

बंद गाडी कोणास उपयोगी

ओल्या शेतमालास चहूबाजूंनी बंद गाडी सोयीची नाही. कांदा, आले व भाजीपाला काढणीनंतरही श्वसन करतात, त्यातून उष्णता व ओल सुटते, आणि वारा न मिळाल्यास माल घामेजून सडू लागतो. उघडा हौदा व वर ताडपत्री, हीच त्यांची योग्य सोय होय. बंद गाडीचे खरे गिऱ्हाईक म्हणजे बेकरीवाला, किराणा व औषधांचा वितरक, वीजकामाचा ठेकेदार आणि विशेषेकरून पंप दुरुस्त करणारा कारागीर. इंग्लंडात १९६५ सालापासून फोर्ड कंपनीची ट्रान्झिट नावाची बंद गाडी अशा कारागिरांचे फिरते दुकानच बनली. या तालुक्यात विंधन विहिरीतील पंप जळाला की पिकाची एक पाळी चुकते. अशा वेळी चेनकप्पी, केबल, पाने व सुटे भाग कुलूपबंद फळ्यांवर लावलेली गाडी बांधावर आली, तर वडूजला दोन हेलपाटे घालण्याचा वेळ वाचतो. अडचण एकच, पीव्हीसी नळीची सहा मीटर लांबी आत मावत नाही. नळ्या मागे बाहेर काढून रात्री नेऊ नयेत. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास त्या दिसत नाहीत.

जादा भार व माणसे

गाडी नेऊ शकते तेवढे भरावे, ही समजूत सर्वांत महाग पडते. नोंदणीपुस्तकात एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. त्यांतील अंतर म्हणजे चालकासह भरावयाचा भार. दीड टनाच्या गाडीत ४० पिशव्या भरल्या की अर्धा टन जादा झाला. पुसेगावहून कोरेगावकडे जाताना वर्धनगडचा घाट लागतो. घाट उतरताना भार जितका अधिक, तितकी ब्रेकमध्ये उष्णता अधिक साठते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड ठेवला आहे; म्हणजे दहा पिशव्यांच्या भाड्याच्या लोभाने अनेक खेपांची बचत एका दिवसात जाते.

याहून गंभीर गोष्ट माणसांची. काढणीच्या मजूर स्त्रिया हौद्यात उभ्या करून नेण्याची चाल सर्रास दिसते. मालगाडीच्या विम्यात मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस संरक्षण आहे; हौद्यात बसविलेल्या इतर उतारूंस ते नाही. गाडी उलटल्यास जखमींची भरपाई मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. ग्रामसेवकांनी हा मुद्दा गाडीच्या किमतीइतक्याच आग्रहाने सभेत मांडावा आणि मजुरांसाठी प्रवासी परवान्याची गाडी ठरविण्यास सांगावे.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीस परवाना लागत नाही, परंतु योग्यता प्रमाणपत्र लागतेच. नव्या गाडीस ते दोन वर्षांचे मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरसाल घ्यावे लागते. जुनी गाडी घेताना हे प्रमाणपत्र, विमा, कराची पावती आणि बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी. नंतर हौद्याखाली वाकून चौकटीस वेल्डिंगची ठिगळे आहेत काय ते तपासावे, व गाडी रिकामी न चालविता अर्धा टन माल भरून चढावर चालवून पाहावी.