घोट्याचा सांधा: बदलायचा की जखडायचा?

गुडघा बदललेली माणसं आता प्रत्येक सोसायटीत भेटतात. घोट्याचाही सांधा बदलता येतो, हे मात्र अनेकांना ऐकून नवल वाटतं. 'घोट्याला काही इलाज नसतो ना?' असं विचारतच रुग्ण येतात, आणि तोवर दुखण्याला कित्येक वर्षं उलटलेली असतात.

गुडघा बहुधा वयाने झिजतो, घोटा मात्र बहुतेक वेळा जुन्या माराने. दुचाकीवरून पडून मोडलेलं आणि थोडं वाकडं जुळलेलं हाड, किंवा वारंवार मुरगळलेला आणि दर वेळी नुसता चोळून 'बरा' केलेला पाय. काहींना आमवातामुळेही हा त्रास होतो. म्हणून गुडघ्याच्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण अनेकदा वयाने लहान, कामाधंद्यातले असतात.

रुग्ण आत येताना मी आधी त्याच्या चपला बघतो. टाच एका बाजूने जास्त घासलेली असेल, तर पाय कुठे कलतोय ते कळतं. मग एक्स-रे, आणि तोही उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला. झोपवून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट बरी दिसते आणि रुग्ण 'फोटो नॉर्मल आहे' म्हणून वर्षभर गोळ्या खात राहतो.

लगेच ऑपरेशन, असं मी कुणालाच सांगत नाही. वजन उतरवा, घोट्याला आधार देणारा पट्टा वापरा, तळ पुढून गोलसर उचललेला बूट घ्या. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. (काठीची लाज वाटते म्हणून लंगडत चालणारे लोक मला कधी उमगलेले नाहीत.) सांध्यातल्या इंजेक्शनाने काही आठवडे, फार तर काही महिने बरं वाटतं, झीज भरून येत नाही.

एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, भाजी आणायला जाणंही नको वाटत असेल, तर दोन मोठे मार्ग उरतात. पहिला, सांधा जखडणं: नडगीचं हाड आणि त्याखालचं टॅलस स्क्रूने एकजीव करायचं. दुखणं थांबतं, सपाटीवर चालणंही छान जमतं. पण आजूबाजूच्या सांध्यांवर ताण येऊन काही वर्षांनी ते झिजू शकतात. दुसरा, सांधा बदलणं: दोन्ही हाडांवर धातूचे भाग आणि मध्ये टणक प्लॅस्टिक. १९७०च्या दशकातले असे सांधे लवकर सैल व्हायचे, त्यामुळे ऑपरेशन बदनाम झालं. आताच्या रचनेत दहा वर्षांनंतरही साधारण दहांपैकी आठ-नऊ सांधे जागेवर असतात. ब्रिटनमधल्या तीनशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. वर्षभरानंतर सांधा जखडलेले आणि सांधा बदललेले असे दोन्ही गट खूप सुधारले होते आणि चालण्या-उभं राहण्यात त्यांच्यात ठळक फरक नव्हता. तेव्हा जखडणं म्हणजे हार, असं समजू नका. शेतात ढेकळांतून चालणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला मी बहुधा तेच सुचवतो. साठीपुढच्या, बेताची हालचाल असलेल्या, शेजारचे सांधेही दुखत असलेल्या व्यक्तीला सांधा बदलणं जास्त मानवतं.

मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेली असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, जुना जंतुसंसर्ग असेल किंवा टॅलस मृत झालेलं असेल, तर बदलायच्या फंदात सहसा पडू नये. तंबाखू, विडी-सिगारेट आधी सुटली पाहिजे. घोट्यापुढची कातडी पातळ असते आणि जखम तिथेच रेंगाळते.

नवा सांधा हालचाल जपतो, पण हरवलेली सगळी परत देत नाही. आधीच ताठ झालेला घोटा नंतरही थोडा ताठच राहतो. उकिडवं बसणं जमेलच असं नाही, म्हणून घरात कमोडची सोय आधीच करा. पहिले काही आठवडे पायावर भार टाकायचा नाही, पाय उशीवर उंच ठेवायचा, बोटं हलवत राहायची. त्यानंतर फिजिओथेरपिस्टचं खरं काम सुरू होतं: आधी टाच, मग चवडा, असं पाऊल टाकायला पुन्हा शिकवणं. वर्षानुवर्षं लंगडलेल्या पायाला ही सवय सहज लागत नाही. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही टिकते. तिला घाबरू नका. सायकल, पोहणं, फिरणं खुशाल. धावणं, उड्या मारणं विसरा.

मात्र जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय गाठा.