घरचे जुने बायबल व जुनी छायाचित्रे

जुने बायबल ही आपल्या कित्येक घरांतील मोठी ठेव होय. छापील ग्रंथ पुन्हा मिळू शकतो. पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगाव येथे छापून निघाले. त्याच्या प्रती अनेक घरी गेल्या. परंतु कोऱ्या पानांवर वडिलांनी स्वहस्ते लिहिलेले जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांचे दिवस दुसऱ्या कोणत्याही प्रतीत सापडावयाचे नाहीत.

ते लेख जसेच्या तसे राखावे. आपली हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, नंतर मुंबई राज्यात गेली, १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आणि १९९९ साली परभणीपासून निराळा जिल्हा झाली. तेव्हा जुन्या पानावर 'जिल्हा परभणी' असे आढळल्यास ते चूक समजून खोडू नये.

जुनी छायाचित्रे चांदीच्या क्षारांनी उमटलेली असतात. ऊन व ओल लागल्याने ती फिकी पडतात. म्हणून ग्रंथ व चित्रे स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, वाळवीपासून दूर ठेवावी. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहावे.

मूळ वस्तू घरीच ठेवून मोबाइलवर तिची प्रतिमा घ्यावी व सर्व आप्तांस पाठवावी. मात्र चित्रातील माणसे ओळखणारी आजी आज आपल्यात आहे. तिला विचारण्याचे काम आम्ही उद्यावर टाकू नये. नाव हरपले की घरचा माणूसही चित्रात परका होतो.