‘नीट’ हुकली? केसपेपर नीट वाचता येतो का?

नीटचा निकाल लागला की माझा फोन वाजू लागतो. “सर, मुलगी हुशार आहे हो, पण एमबीबीएसला नंबर लागणार नाही. बी.फार्म.ला घालू की अजून एक वर्ष रिपीट?” बोलतात आई-बाबा, मुलगी मागे गप्प. अशा घरांना मी हल्ली एक काम सुचवतो, ज्याला अजून धड मराठी नावही नाही. रुग्णालयांच्या संगणकात उपचारासाठी साठलेल्या नोंदी औषधांच्या चाचण्यांसाठी पुन्हा वापरायच्या, असं ते काम आहे.

2020 साली करोनात काय घडलं ते आठवा. ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्चमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू केली. वॉर्डात श्वास घ्यायला फुरसत नाही, तिथे जाडजूड फॉर्म कोण भरणार? म्हणून फॉर्म अगदी आटोपशीर ठेवले. कुणाला कोणतं औषध, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणकाने ठरवलं. पुढे कोण जगलं, कोण दगावलं, हे कळायला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या नेहमीच्या नोंदींचीही मदत झाली. तिथे प्रत्येक रुग्णाला एकच क्रमांक असतो, त्यामुळे धागा तुटत नाही. 16 जूनला निकाल आला: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते.

याच्या जरा आधी, 22 मेला, ‘लॅन्सेट’मध्ये दुसराच प्रकार छापून आला. सर्जिस्फिअर या कंपनीकडे म्हणे 671 रुग्णालयांतल्या 96,032 रुग्णांच्या नोंदी होत्या आणि त्यांवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातक ठरत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी थांबवली. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारला, मूळ नोंदी कुठे आहेत? कंपनीने त्या स्वतंत्र तपासनिसांना दिल्या नाहीत आणि 4 जूनला लेख मागे घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी रिकव्हरीने रीतसर चाचणीचा निष्कर्ष सांगितला, करोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांना या औषधाचा फायदा नाही.

मला विचाराल तर या क्षेत्राचा अख्खा अभ्यासक्रम या दोन गोष्टींत आहे. पालकांना वाटतं हे ‘आयटी’चं काम. मी म्हणतो, हे शंकेखोरांचं काम.

चाचणीसाठी मधुमेहाचे रुग्ण शोधायचेत, असं समजा. एका डॉक्टरने ‘डीएम’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘शुगर’, तिसऱ्याने काहीच नाही, फक्त मेटफॉर्मिनची गोळी. चौथ्या केसपेपरवर आहे ‘डीएम नाही’. भोळा संगणक ‘डीएम’ ही अक्षरं दिसली की त्यालाही यादीत घेतो. मेटफॉर्मिन तर पीसीओडीच्या मुलींनाही देतात, म्हणजे गोळीवरूनही खात्री नाही. आणि जो रुग्ण सहा महिने आलाच नाही, तो बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की घरीच वारला? नोंद उपचारासाठी किंवा बिलासाठी झालेली असते, संशोधनासाठी नाही. हे ज्याला सतत टोचत राहतं, तो इथे टिकतो. एसक्यूएल, म्हणजे साठलेल्या नोंदींतून हवं ते शोधायची संगणकाची भाषा, काही महिन्यांत शिकता येते. केसपेपर कसा, कुठल्या घाईत लिहिला जातो, ही समज क्लासमध्ये मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला: आधी एक पाय पक्का रोवा. फार्मसी, नर्सिंग किंवा संख्याशास्त्र यांपैकी काहीही चालेल. बी.एस्सी. नर्सिंगला नाक मुरडणाऱ्या पालकांना तर मी मुद्दाम सांगतो, वॉर्डातली नोंद आतून पाहिलेलं माणूस इथे दुर्मीळ आहे. गणिताची गोडी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे, मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. पुण्यात चाचण्यांच्या संख्याशास्त्राचं काम करणाऱ्या साइटेलसारख्या कंपन्या आहेत. सुरुवातीचं पद बहुधा क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमधलं किंवा रिसर्च कोऑर्डिनेटरचं असतं. पहिली दोन वर्षं रटाळ जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे हे सगळं उद्या सकाळी होणार, असं मात्र समजू नका. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू झालं आणि ‘आभा’ हा 14 अंकी आरोग्य-क्रमांक आला. नोंदींची मानकं सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. तरी आपली कितीतरी रुग्णालयं अजून कागदावर चालतात. शिवाय 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नीतिमत्ता समिती आहे. रुग्णाची माहिती म्हणजे फुकटचा माल नव्हे. त्यामुळे ‘सहा महिन्यांत हमखास प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी एवढंच विचारा: शिकवणाऱ्यांपैकी कुणी खऱ्या चाचणीवर काम केलंय का?

आणि कल पारखायला खर्च शून्य आहे. भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर मुलीसोबत बसून या नोंदवहीतली एखादी चाचणी उघडा. कोणते रुग्ण घ्यायचे, कोणते नाहीत, ही यादी तिला वाचू द्या. मग विचारा, आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या केसपेपरांतून असे रुग्ण तू कसे शोधशील? उत्तराची घाई करू नका, आणि तेवढा वेळ तुम्ही गप्प बसा.