सौंदर्यसेवेचे पहिले तीन पाठ



लग्नसराईत नवरीस नटविणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या विद्येस कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे त्वचा, केस व नखे यांची निगा राखण्याचे शास्त्र, असे नाव आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून याचा एक वर्षाचा प्राथमिक अभ्यासक्रम चालतो व दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींस त्यासाठी अर्ज करता येतो. "पावडर लावावयास शाळा कशाला?" असे कित्येक पालक म्हणतात. त्यांच्यासाठी व तुमच्यासाठी या विद्येचे तीन आरंभीचे पाठ आम्ही येथे देत आहो.

पाठ पहिला : स्वच्छता. दुसऱ्याच्या चेहऱ्यास हात लावण्यापूर्वी आपले हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावे. कंगव्यातील केस आधी काढावे, मग तो साबणाच्या पाण्याने धुवावा व त्यानंतरच जंतुनाशक द्रवात बुडवावा. कारण मळ तसाच राहिल्यास जंतुनाशकाचा गुण नीट येत नाही. कंगव्यावाटे उवा व गजकर्ण पसरतात. काविळीच्या 'हिपॅटायटिस बी' या प्रकाराचे विषाणू तर शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतात. म्हणून प्रत्येक माणसास नवे पाते वापरणे हा नियम होय. ती चैन नव्हे.

पाठ दुसरा : परीक्षा. केसांच्या पुष्कळशा कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते. कित्येकांस त्याने खाज, सूज व फोड येतात. याकरिता कलप लावण्यापूर्वी ४८ तास त्याचा थेंब कानामागे लावून पाहावा. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो. जी मेंदी हात झटपट काळे करिते, तिच्यात हेच रसायन असण्याचा संभव असतो.

पाठ तिसरा : वर्ण. "गोरे होण्यास काय लावावे?" असे आम्हांस दरवर्षी कोणीतरी हळूच विचारते. मुलांनो, त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या व सावळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो केवळ रंगद्रव्याच्या प्रमाणाचा व प्रकाराचा. हे द्रव्य उन्हाच्या अपायकारक किरणांपासून आपले रक्षण करिते. सावळेपणा हा रोग नव्हे. मग त्यास औषध कशाचे?

गोरे करण्याचे आश्वासन देणाऱ्या काही मलमांत पारा सापडला आहे. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा प्रथम उजळ दिसतो. परंतु तोच पारा त्वचेवाटे रक्तात शिरून मूत्रपिंडे व मज्जातंतू यांस इजा करितो. २०१३ सालच्या मिनामाता करारान्वये अशा मलमांस बंदी ठरली, व भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनीही पारा घालण्यास मनाई केली आहे. तरी ज्या डबीवर कारखानदाराचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नाही, ती घरात आणू नये.

पालकहो, ज्या विद्येत इतके जपावे लागते, ती हलकी कशी म्हणावी? आपल्या प्रभूने स्वतः कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. दुसऱ्याच्या देहाची निर्मळ हातांनी केलेली सेवा कधीच कमी प्रतीची नसते. आपल्या मुलीने वा मुलाने ही विद्या मागितली, तर नाही म्हणण्यापूर्वी हे तीन पाठ त्यांच्यासह एकदा वाचावे.

घरचा अभ्यास : आज घरातील सर्व कंगवे धुवा व प्रत्येकाचा कंगवा वेगळा ठेवा.