आधी एक रजिस्टर बंद करा

अंगणवाडीच्या बायकांना मोबाइल चालवता येत नाही, असं बैठकीत कुणी म्हटलं की मला हसू येतं. याच बायका व्हॉट्सअ‍ॅपवर भिशीचा हिशेब ठेवतात, परभणीत शिकणाऱ्या पोरांना फोनवरून पैसे पाठवतात. अडतं ते दुसरीकडेच. पर्यवेक्षिका म्हणून अंगणवाड्यांचं एक बीट सांभाळताना मी ते जवळून पाहिलंय.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते काही हौसेनं नव्हे. मुलांच्या नोंदी भरायचं आधीचं अ‍ॅप मराठीत होतं, नवं पोषण ट्रॅकर सुरुवातीला इंग्रजीत आलं. फोन २ जीबी रॅमचा. अ‍ॅप उघडलं की तापायचा, हँग व्हायचा. वर रजिस्टरं सुटली नाहीतच. मुलाचं वजन घ्या, उंची घ्या, वहीत लिहा, मग रेंज शोधत गच्चीवर जाऊन तेच पुन्हा फोनमध्ये भरा. एक सेविकाताई म्हणाल्या, "मॅडम, एकच काम दोनदा कामून करायचं? वही तरी ठेवा, नाहीतर फोन तरी!" वरून याचं उत्तर कधी आलं नाही.

मग महिनाअखेरच्या आढाव्यात शंभर टक्के दिसावं म्हणून घरातलं कॉलेजचं पोरगं रात्री बसून वजनं भरतं. एका गावात यादी पाहिली, तर सगळ्या मुलांचं वजन नेमकं २०० ग्रॅमनं वाढलेलं. त्यातलंच एक जुलाबानं सुकून माझ्यापुढं बसलं होतं. स्क्रीनवर मात्र हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात.

म्हणून बँक असो की बाजार समिती, कामावर नवी प्रणाली आणणाऱ्यांना सांगते: कोणतं रजिस्टर कधी बंद होणार, ते आधी लेखी द्या. प्रोजेक्टरवरच्या प्रशिक्षणानं फारसं साधत नाही. काम करणारीच्या शेजारी बसून तिच्याच फोनवर चार नोंदी करून घ्या. अडलं तर कुणाला विचारायचं, तो माणूस ओळखीचा हवा. भरलेल्या माहितीतून तिच्या हाती काही परत यावं. कमी वजनाच्या मुलांची यादी मिळाली, तर सेविका गृहभेटीला आधी त्याच घरी जाते. अन् टक्केवारीवरून झापणं सोडा.

माझ्या बीटमध्ये मी सांगून ठेवलं, मूल आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं असेल तर अंदाजे वजन टाकायचं नाही. टक्केवारी घसरली, बैठकीत बोलणी खाल्ली. पण कोणत्या घरची मुलं कारखान्यावर गेलीत, हे त्या हंगामात पहिल्यांदा कागदावर आलं.